मधला सेल

कळमनुरीत विश्वंभर पुसेगावकरांचा टायपिंगचा क्लास होता. त्यांच्या बोटांना चूक ठाऊक नाही, असं सगळं गाव म्हणायचं. कोर्टातले कारकून मुद्दाम पैज लावायचे आणि चहा पाजून घरी जायचे. सरांना एकच खोड होती. समोरच्या कागदातच चूक दिसली, तर टाइप करता करता ते तीही सुधारून टाकत. एका अर्जदाराचं नाव लखमा होतं, ते त्यांनी शुद्ध करून लक्ष्मण केलं. त्यानंतर आपण तोच लखमा आहोत हे पटवायला तो बिचारा दोन वर्षं तलाठ्याकडे खेटे घालत होता.

दोन हजार चार साल उजाडलं तेव्हा क्लासात अकरा टाइपरायटर होते आणि विद्यार्थिनी एक. तीही लग्न ठरेपर्यंतच. बाकी सगळी पोरं चौकातल्या कॉम्प्युटर क्लासला. "खोडता येतं म्हणून चुका करायच्या, ही कसली विद्या?" असं म्हणत सर रिकाम्या यंत्रांना तेल घालत बसायचे.

अशात एका सकाळी प्रेमदास राठोड दारात उभा राहिला. बाळापूरकडच्या तांड्यावरचा हा माणूस आयटीआय करून नांदेड रोडवरच्या माणिकरावांच्या वर्कशॉपात लागला होता. तिथं हळद पॉलिश करायच्या ड्रमचे शाफ्ट व्हायचे.

"सर, कॉम्प्युटरवर जरा टायपिंग होतं."

"चौकात जा."

"तसला कॉम्प्युटर न्हाई. लेथ मशीनचा हाय. एक आकडा चुकला तर मशीन माणसाच्या अंगावर येतं."

सरांनी तेलाची बुदली खाली ठेवली. चुकीला अशी रोकडी शिक्षा देणारं यंत्र त्यांनी प्रथमच ऐकलं होतं.

झालं होतं असं. माणिकरावांनी पुण्याच्या कुठल्याशा कारखान्याच्या लिलावातून वीस वर्षं वापरलेला सीएनसी लेथ आणला होता. आकडे भरायचे आणि त्यानं आपोआप लोखंड कातायचं, असं ते यंत्र. गेल्या आठवड्यात त्याच्या कॉम्प्युटरची सगळी स्मरणशक्तीच गेली. पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, कंट्रोल जुना झाला, नवा बसवा. आणि किंमत सांगितली. माणिकराव दोन गिलास पाणी प्याले आणि प्रेमदासला म्हणाले, "बघ बाबा तूच."

प्रेमदासनं मशीनच्या पाठीमागचं वायरींचं कपाट उघडून पाहिलं. आत एका डबीत बॅटरीत घालतात तसले तीन सेल, फुगून पाणी सुटलेले. वीज नसताना यंत्राची आठवण त्या तीन सेलांवर जगत होती. कपाटाच्या दाराला आतून पिवळी पडलेली यादीही चिकटवलेली सापडली. मशीनला आपण कोण आहोत हे सांगणारे सहाशे चाळीस आकडे. प्रेमदासनं दोन बोटांनी ते भरायला घेतले आणि कुठंतरी चुकला. चाचणीला बटण दाबलं, तर मशीनचा गाडा उलटा सुटला आणि वर ठेवलेल्या माणिकरावांच्या चहाच्या कपाचा चुरा करून थांबला.

सर वर्कशॉपात गेले. इस्त्रीचा शर्ट, बसायला घरची उशी आणि आकडे वाचून दाखवायला पत्नी गंगूताई. पॅनेल पाहताच सरांचा चेहरा उतरला.

"ही कसली मांडणी? एक्सच्या मांडीला मांडी लावून झेड! अक्षरं काय गावजेवणाला बसलीत?"

"बाहेरून आलेलं हाय सर, सांभाळून घ्या," प्रेमदास म्हणाला. त्यानं नवे सेल डबीत घातले, डबी तशीच उघडी ठेवली आणि चहा सांगायला बाहेर गेला.

सरांची नजर डबीवर गेली. तीन सेल, आणि मधला उलटा! धांदरटपणाच तो. सरांनी मधला सेल काढला, इतर दोघांसारखा नीट सरळ घातला आणि झाकण लावलं. आल्यावर उगाच त्याला कशाला ओशाळं करायचं, म्हणून बोलले नाहीत.

मग गंगूताई विष्णुसहस्रनामाच्या चालीत आकडे म्हणू लागल्या आणि सरांची बोटं चालू लागली. कामगार हातातली कामं टाकून ऐकत उभे राहिले. दीड वाजता शेवटचा आकडा गेला. दोन वाजता भारनियमनाची लाईट गेली, ती सहाला आली. स्क्रीन कोरा!

प्रेमदासनं डबी उघडली आणि मधल्या सेलावर बोट टेकवलं.

"काहून रे?" माणिकरावांनी विचारलं.

"मधला सेल उलटाच लागतो मालक. मी बराबर घातला होता. हा सरळ कोणी केला?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सरांना मुकाट्यानं निघून जाता आलं असतं. कोणी विचारणारही नव्हतं. पण गंगूताई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"मी केला," सर म्हणाले. "मला तो चुकलेला वाटला."

प्रेमदास म्हणाला, "सर, जन्मातली पहिलीच चूक ना? मंग पेढे तुमच्याकडं लागले."

माणिकरावांना हसू आवरेना. सरांना मात्र रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आठाला हजर. या खेपेला दर दहा आकड्यांनी थांबून विचारायचे, "हा काय करतो?" तीस वर्षं त्यांनी टाइप केलेल्या मजकुराचा अर्थ कधी विचारला नव्हता. एका ओळीत कसरीनं आकडा खाल्ला होता. तीन की आठ, कळेना.

"तुमाला काय वाटतं सर?"

"मला आता काही वाटत नाही. तू मोजून सांग."

प्रेमदासनं गाडा हातानं सरकवून पट्टीनं अंतर मोजलं. तीन निघाला. भरणं संपल्यावर त्यानं स्वतःच मेन स्विच पाडला, शंभरपर्यंत मोजलं आणि चालू केला. आकडे जागच्या जागी! बटण दाबताच लोखंडाची साल कुरळी होऊन निघाली आणि शाफ्ट चकाकायला लागला. सरांनी त्यातली एक साल आठवण म्हणून खिशात घातली. घरी पोचेपर्यंत तिनं शर्टाचा खिसा फाडला. गंगूताईंनी शिवून दिला, पण बोलून.

सरांनी ती यादी नव्यानं टाइप करून तीन प्रती काढल्या. ही गोष्ट पसरली. पावसाळ्यानंतर वसमतहून जीप आली. तिथल्या एका कारखान्यातलं असलंच म्हातारं मशीन सगळं विसरून बसलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी सरांना बोलावलंय. अन् आकडे म्हणणाऱ्या बाईंनाही."

गंगूताईंनी चष्मा पुसून डबीत ठेवला. "येते," त्या म्हणाल्या, "पण मी डबा करणार नाही. जेवण त्यांच्याकडं."