सेक्शन मागितलं, सँक्शन आलं

जिन्याच्या लँडिंगचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्या-टेकूंचा साचा, लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट पडणार होतं. माझी बायको शांता त्याच्याखाली उभी राहिली अन् म्हणाली, "अवो, इथं बुढा आंघोळ कसा करीन? वाकून?"

लँडिंग म्हणजे जिना वळतो तिथला मधला चौथरा. काम चिखलीतलं, मालक कारकून. त्याच्या वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरनं वाकायची मनाई केलेली. म्हणून जिन्याखाली बाथरूम काढायचं मागून ठरलं. मी मिस्त्री, शिक्षण चौथी. शांता माझ्यासंगच कामाले राहे.

प्लॅनमध्ये तर सगळं बसत होतं. पण प्लॅन म्हणजे घर वरून पाहणं. खोली केवढी, दार कुठं, एवढंच कळते. एलेव्हेशन म्हणजे घराचं समोरचं तोंड. आतली उंची पाहायची तर सेक्शन लागते, घर उभं कापल्यासारखं. मालकाले फोन केला, "साहेब, सेक्शन घेऊन या. आत्ताच."

तो मोटरसायकलवर आला. हाती शिक्का मारलेला नकाशा.

"हे घ्या सँक्शन."

"सँक्शन नाही, सेक्शन."

"तेच तं आणलं. शिक्का हाये, सही हाये. मंजूर झालं न सारं, मिस्त्री, आता काऊन अडून राह्यले?"

सँक्शन म्हणजे मंजुरीचा नकाशा. त्यात जिन्याखाली बाथरूमच नव्हतं. पण तो ऐकेना. मिक्सर सांगून ठेवलाय म्हणे.

शांतानं आमचा जेवणाचा डबा त्याच्यापुढं धरला. "भाऊ, झाकण पाहून सांगा, आत भाजी किती हाये?"

"झाकणावरून कसं कळीन, वहिनी?"

"मंग शिक्क्यावरून तरी कसं कळीन? डबा उभा कापला का दिसते. तेच सेक्शन मागून राह्यले हे."

तो हसला, अन् नकाशा काढणाऱ्या इंजिनिअर मॅडमले फोन लावला. मॅडमनं सेक्शन काढून मोबाईलवर पाठवलं. लँडिंगखाली दाराएवढीही उंची उरत नव्हती. मिक्सरवाल्याले येऊ नको म्हणून कळवलं, सेंट्रिंग खोललं, पायऱ्या नव्यानं मांडून लँडिंग वर घेतलं.

बुढा अजून त्याच बाथरूमात ताठ उभा राहून आंघोळ करतो. शांता मागच्या वर्षी गेली. आता सेंट्रिंग लागलं की खाली मीच जाऊन उभा राहतो. बोलणारं कोणी नसते.

घर बांधणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं. मंजुरी कागदाले मिळते. माणूस मावते का, ते सेक्शनमध्येच पाहावं लागते.