भैरोबाच्या खांद्यावरची दोन फुलं

आमच्या गावात एस.टी. वेळेवर यायची नाही, पाऊस तर त्याहून नाही, पण भैरोबाचा कौल मात्र हमखास वेळेवर मिळायचा. पद्धत सोपी होती. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने एकेक फूल चिकटवायचा, मोठ्याने प्रश्न सांगायचा आणि सगळे टक लावून बसायचे. उजवं फूल आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. पाणी वाळायला लागेल तेवढाच काय तो वेळ. म्हशी विकणं, सोयरिकी, भावांच्या वाटण्या, सगळं त्या दोन फुलांवर चालायचं.

मी तेव्हा नगरहून डी.एड. होऊन पारनेर तालुक्यातल्या या आमच्या गावी परतले होते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या नोकरीच्या ऑर्डरीची वाट बघत होते. दुष्काळाचं साल. सगळं गावच कशाची ना कशाची वाट बघत होतं. पण माझं वाट बघणं सगळ्यांत महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत होतं. आठवड्यातून दोनदा पोस्टमन सायकलवरून यायचा. मला लांबून बघितलं की तो बिचारा आधीच मान हलवायचा. मग मी दिवसभर भांडी आपटायचे. आई म्हणायची, "देवावर भरोसा ठिव." मी म्हणायचे, "देव काय जिल्हा परिषदेत कारकून आहे?"

अशात माझ्या वडिलांची आत्या, आमची आत्याआजी, पिशवीभर तपकीर आणि एक स्थळ घेऊन दाखल झाली. मुलगा तिच्या नात्यातला, प्रवरेच्या पाटाची बागाईत, दोन मोटारी विहिरीवर. एकच अट होती. "आमच्यात सुना नोकऱ्या करत न्हाईत," आत्याआजीने चिमूट ओढत सांगितलं. "आन् कशाला करायची? घरी हाय की समदं."

मला रडू फुटलं. पण या आत्याने वडिलांना लहानपणी सांभाळलं होतं. तिच्या शब्दाला नाही म्हणणारा माणूस आमच्या घरात अजून जन्माला यायचा होता. वडील खाली मान घालून म्हणाले, "आत्या, तुमचा शब्द मोडायचा न्हाई मला. पर पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय. भैरोबाला इचारू."

मी वडिलांशी बोलणं सोडलं. मुलीच्या शिक्षणासाठी नगरला खोली बघणारा माणूस आता तिचं नशीब एका फुलावर टाकतो, याचा मला इतका संताप आला की त्या दिवशी मी भाकरी थापली नाही, बडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो तेव्हा भैरोबा नुसता झळाळत होता. गुरव खूश झाला. "कोनीतरी शेंदूर लावून गेलंय, लई शुभ हाय." दुष्काळात दुसरं फूल मिळत नव्हतं म्हणून त्याने कण्हेरीची दोन फुलं लावली आणि प्रश्न सांगितला, "देवा, हे लगीन करू का? होय असलं तर उजवा दे, न्हाई असलं तर डावा दे." मी डाव्या फुलाकडे असं बघत होते की बघण्यानेच ते पडावं.

काहीच पडलं नाही.

दुपार झाली, आत्याआजीची तपकीर संपत आली, फुलं जागच्या जागी. एक चिमणी देवाच्या डोक्यावर बसून उडून गेली. आत्याआजीला जोराची शिंक आली. शिंकेने फूल पडलं तर धरायचं की नाही यावर म्हाताऱ्यांचा वाद रंगला, पण तो फुकट गेला, कारण फूल हललंसुद्धा नाही. शेवटी गुरवाने जाहीर केलं, "देव इचार करतोय."

देव दुसऱ्या दिवशीही विचार करत होता. तिसऱ्या दिवशीही. नियम असा की एक कौल लागला असताना दुसरा लावायचा नाही आणि फुलांना हात तर मुळीच लावायचा नाही. झालं! गावाचे सगळे प्रश्न माझ्या पाठीमागे तुंबले. एकाला विहीर कुठे खणायची ते विचारायचं होतं. एकाला म्हैस विकायची होती. तो रोज सकाळी आमच्या दारात म्हैस घेऊन उभा राहायचा आणि मला विचारायचा, "पोरी, पडलं का गं तुजं फूल?" जणू मीच ते धरून ठेवलंय. पोस्टमनसुद्धा आता माझ्याकडे बघून मान हलवायचा ती ऑर्डरीसाठी की फुलासाठी, कळेना.

दोन दिवसांसाठी आलेली आत्याआजी हलायला तयार नव्हती. ती रोज देवळात जाऊन देवासमोर बसायची. "आरं बोल की! दातखिळी बसली का तुजी?" घरी आईचं वेगळंच चाललं होतं. प्यायला पाणी पुरत नव्हतं आणि वडिलांच्या सदऱ्याच्या बाहीला कसला तरी भगवा डाग पडला होता, तो निघता निघत नव्हता. "कुटं घासून घिता वो बाह्या?" ती करवादायची. वडील भिंतीकडे बघायचे.

बाराव्या की तेराव्या दिवशी माझा धीर सुटला. भर दुपारी गाव झोपलेलं असताना मी देवळात शिरले. उद्देश साफ होता. देवाला फसवायचं. डाव्या फुलाला टिचकी मारायची आणि घरी येऊन झोपल्याचं सोंग करायचं. "एकदाच," असं भैरोबाला सांगून मी डोळे मिटले आणि बोट लावलं.

फूल हललं नाही. जोर लावला, तरी नाही. डोळे उघडून बघते तर खांद्यावर शेंदराचा हा जाडजूड थर, तेलात कालवलेला, अजून आत ओलसर, आणि त्यात वाळकं फूल गच्च रुतून बसलेलं. दुसऱ्या खांद्यावरही तसंच. बाकी अंगावर शेंदूर बेताचा होता. खांद्यांवरच एवढा कसा, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, देवानेच माझं बोट धरून ठेवलंय. मी जी धूम ठोकली ती थेट घरी.

बोट भगवं झालं होतं. राखेने घासलं, चुलत्यांच्या म्हशीच्या पाठीवर पुसलं, रंग ढिम्म. संध्याकाळी वडिलांना भाकरी वाढताना मी बोट पदरात लपवलं, पण नेमका तव्याचा चटका बसला आणि हात बाहेर आला. वडिलांनी माझ्या बोटाकडे बघितलं. आत्याआजी कालवणात गुंग होती.

"पान्यानं निघत न्हाई त्ये," वडील हळूच म्हणाले. "गोडंतेल लाव."

मी त्यांच्या सदऱ्याच्या बाहीकडे बघितलं. मग त्यांच्या अंगठ्याकडे. नखाच्या कडेला अजून बारीकशी भगवी रेघ होती. माझ्या हातातली भाकरी ताटात न पडता त्यांच्या मांडीवर पडली. इतके दिवस मी या माणसाशी अबोला धरला होता, याची मला अशी लाज वाटली की उठून चुलीत फुंकर घालत बसले, धूर डोळ्यांत गेल्याचं सांगता यावं म्हणून.

चार दिवसांनी आत्याआजी गेली. तपकीर पूर्ण संपली होती. जाताना वडिलांना म्हणाली, "तुमचा देवच असा मुका, तर तू तरी काय करशील बाळा!" आणि पुढच्याच महिन्यात त्या मुलाचं दुसरीकडे जमलं. नात्याला ओरखडासुद्धा उठला नाही.

ऑर्डर मात्र आलेली नव्हती. एकदा अंगणात मी वडिलांना विचारलं, "आणि आलीच नाही तर?"

त्यांनी बाजेचं सुंभ ओढत देवळाकडे मान वळवली. "फुलं मी थांबवली. ती थांबवता आली. ऑर्डर काय मला आनता येत न्हाई. ती त्येच्याकडं."

त्या दिवसानंतर मी भांडी आपटली नाहीत. एकदम शहाणी झाले असं नाही. पण ज्याच्यापाशी माझ्या बापाने इतकं धाडस केलं आणि ज्याने ते चालवून घेतलं, त्याच्यावर थोडा भरोसा टाकायला हरकत नव्हती. मी वाट बघत होतेच, पण भाकरी पुन्हा गोल व्हायला लागल्या.

शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी पोस्टमनने लांबूनच मान उभी हलवली. पाथर्डीकडची शाळा होती. त्याच्या सायकलमागून म्हैस आणि म्हैसवालाही धावत आला. त्याला वाटलं, फूल पडलं.

निघायच्या दिवशी पहाटे वडील मला देवळात घेऊन गेले. आता कौल मोकळा करायला हवा होता. विहीर, म्हैस सगळंच अडलं होतं. त्यांनी वाटीतलं गोडंतेल खांद्यांवर चोळलं आणि नखाने हळूहळू खरवडायला लागले. डाव्या खांद्यावर त्यांचं बोट होतं आणि उजव्या खांद्यावरचं फूल आपलं आपण टपकन खाली पडलं.

उजवं. म्हणजे होय. लग्न करा.

मग वडिलांनी इकडेतिकडे बघितलं, फूल चटकन उचलून खिशात टाकलं आणि हात जोडले.

"लई उशिरा बोललास, देवा," ते म्हणाले. "पोरीची गाडी यायची येळ झालीया."

भैरोबाने काही मनावर घेतलं नसावं. त्या दिवशी एस.टी. वेळेवर आली.