आजोबांनी आणलेली धून

"मावशी, ही धून डेफिनेटली स्कॉटिश," निखिल म्हणाला आणि आमची बॉस मार्गारेट कौतुकाने मान डोलवत राहिली. माझ्या पोटात दुखायला लागलं.

मी स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये साउंड इंजिनिअर आहे. अ‍ॅपलाचियाच्या डोंगरातल्या जुन्या वादकांच्या टेप कॉम्प्युटरवर उतरवते. ते लोक व्हायोलिनला फिडल म्हणतात. प्रत्येक धुनेसोबत ती कुठून आली याचं टिपण जातं. इतकी वर्षं टिपणं मीच लिहीत होते. मग निखिल आला. आईवडील पुण्याचे, जन्म इथला, स्वतः उत्तम फिडल वाजवणारा. या धुनेचं टिपण त्याच्याकडे गेलं. शनिवारच्या कॉन्सर्टमध्ये तिच्याबद्दल स्टेजवर बोलणारही तोच. मला हेवा वाटला. चांगलाच वाटला.

त्याची चूक सापडावी म्हणूनच मी ओरिजिनल रीळ काढलं. वेबसाइटसाठी आम्ही टेप ट्रिम करतो. खोकणं, गप्पा, सूर जुळवणं कापून नुसती धून ठेवतो. निखिलने तेवढंच ऐकलं होतं. बाकी भरवसा टेपच्या खोक्यावरच्या ओळीवर: 'आजोबांनी स्कॉटलंडहून आणलेली.'

धून संपल्यावर रेकॉर्डिंग करणारा विचारतो, "आजोबांनी कधी आणली?"

फिडल वाजवणारा म्हातारा हसतो. "आजोबांनी कसली! ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याकडे एक झकास धून होती. मी गेलो की पाठ फिरवून वाजवायचा, बोटं दिसू नयेत म्हणून. मी जळून खाक व्हायचो. शेवटी घरी बसून ही रचली. स्कॉटलंडची म्हणून सांगितलं, म्हणजे तोही जळेल."

मी उड्या मारायचीच बाकी होते. दोघांना बोलावून टेप लावली आणि निखिलच्या तोंडाकडे बघत बसले. ते पडलंच नाही. तो खो खो हसला.

"मावशी, धिस इज सो मच बेटर! स्टेजवर हेच सांगतो."

"मी सांगू शकते," मी म्हणाले.

"संध्या, यू डोंट प्ले," मार्गारेट म्हणाली. "गोष्ट संपली की लगेच धून वाजायला हवी."

शनिवारी अख्खा हॉल हसला. निखिलने माझं नाव घेतलं, तेही इतक्या प्रेमाने की धड रागावताही येईना. टिपणावर आता दोघांची नावं आहेत. त्याचं आधी.

धडा एवढाच की ट्रिम केलेल्या फाइलवरून उगम लिहू नये, मूळ टेप शेवटपर्यंत ऐकावी. इतक्या वर्षांत धुनेच्या प्रेमापोटी मी ती कधी ऐकली नव्हती. हेव्यापोटी ऐकली.