माश्यांचा गृहप्रवेश

गेल्या डिसेंबरात मी मधमाश्यांना गोधडी पांघरवली.

हसू नका. आम्हा बदलापूरकरांना आमच्या थंडीचा फार अभिमान. मुंबईच्या नातेवाइकांना रोज सकाळी तापमानाचा फोटो पाठवून "आम्ही इकडे कुडकुडतोय बाई!" असं कळवणं, हा आमच्या शिरगावातला नेमच आहे. मग गच्चीवरच्या लाकडी पेटीतल्या माझ्या हजारो लेकरांनीच काय पाप केलं होतं? (मधमाशीपालनाचं तीन दिवसांचं शिबिर मी केलं होतं. चौथ्या दिवसापासून मी जाणकार!) पेटीभोवती गोधडी, गोधडीवर दव पडू नये म्हणून प्लास्टिक, प्लास्टिकवर सुतळी, आणि माश्यांना ये-जा करायला एवढीशी फट. जानेवारीत सोडून बघते तो काय! आत ओल, बुरशी, मेणाच्या पोळ्यांवर किड्यांची जाळी आणि तळाशी मूठभर मेलेल्या माश्या. बाकीच्या कधीच घर सोडून गेल्या होत्या.

मी मटकन खालीच बसले. खरं सांगते, ढसाढसा रडले.

"गुदमरल्या बिचाऱ्या," आमचे हे म्हणाले, आणि त्याच दमात, "मग आता त्या कोपऱ्यात पाण्याची दुसरी टाकी बसवूया का?"

"खबरदार!" मी डोळे पुसत ओरडले. "त्या कोपऱ्यात माश्याच राहतील!"

बोलून तर बसले, पण माश्या काय वाण्याकडे मिळतात? शेवटी बारवी धरणाकडच्या वाडीतला काळूदादा भेटला. जंगलातल्या माश्यांची त्याला आपल्या घरच्यासारखी माहिती. शिमग्याच्या आधी त्याने झाडाच्या ढोलीतून सातेरी जातीच्या माश्यांचं पोळं अलगद काढलं, माझ्या पेटीत बसवलं आणि दिवेलागणीला पेटी गच्चीवर आणून ठेवली.

"ताई, या साली येवढंच घावलं बघा. ह्या गेल्या, तर मंग फुडच्या सालीच."

"नाही रे जाणार! मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीन."

"तेच नाय करायचं," तो घाबरून म्हणाला. "तीन दिस हात लावायचा नाय. झाकण उघडायचं नाय. कायपन करायचं नाय."

"काहीच नाही?"

"कायच नाय."

त्या बिचाऱ्याला वाटलं, आपण सोपं काम सांगितलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "मागच्या माश्या का गेल्या, सांगू? तू वास्तुशांत केली नाहीस."

"कुणाची?"

"पेटीची! नव्या घरात जीव राहायला आले. दूध उतू घातलं नाहीस, साधं हळदकुंकू लावलं नाहीस. टिकतील कशा?"

"आई, माश्या आहेत त्या!"

"मग? राणी आहे ना त्यांच्यात? आणि ती सवाष्ण आहे का नाही?"

(राणीचा नर पहिल्या भेटीतच मरतो, असं शिबिरात शिकवलं होतं. पण हे सासूबाईंना सकाळी आठ वाजता कोण सांगणार?)

मी विज्ञानाची पदवीधर बाई. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण मनात आलं, खरंच गेल्या तर? परत ती रिकामी पेटी बघायची? माझ्याने नाही व्हायचं ते! दोन मिनिटांचं तर काम. पेटीला हात न लावता करू.

आणि मी पडले हौशी! हळदकुंकू झालं. मग वाटलं, तोरण हवं. झेंडूचं तोरण लावलं, रांगोळी काढली. मग शेगडी वर नेऊन दूध उतू घातलं. एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! धुपाटण्यात निखारे घेतले, वर ऊद आणि गुग्गुळ चांगला मूठभर टाकला आणि धुपाटणं पेटीच्या स्टुलाखाली सरकवलं.

"सगळ्या खोल्यांतून फिरू दे हो धूर," सासूबाई हात जोडून म्हणाल्या.

फिरला! आधी आतून गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला. मग दारातून दहा आल्या, मग शंभर, मग मोजायचा प्रश्नच संपला! डोक्यावर काळा ढग गरगरायला लागला. सासूबाई पदराखाली दडल्या. हे टूथब्रश तोंडात धरून जिन्यात आले आणि फेसातूनच म्हणाले, "गेल्या?"

"गेल्या नाहीत! फिरायला निघाल्यात!" मी ओरडले.

ढग कठडा ओलांडून खाली गल्लीत उतरला. तिथे उल्हासनगर कॅम्प पाचमधून टेम्पो आला होता. समोरच्या म्हात्रेवहिनींचा नवा कोरा सोफा! रविवारी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, त्यासाठी खास बनवून घेतलेला. हमालांनी तो नुकताच उतरवला होता. ढग बघितल्याबरोबर त्यांनी सोफा रस्त्यात आडवा टाकला आणि धूम ठोकली.

मी धावत खाली पोचले तेव्हा सोफ्याच्या बुडाला लावलेलं काळं कापड एका कोपऱ्यात उसवलेलं होतं आणि माझ्या माश्या त्यातून आत चालल्या होत्या. रांगेने, शिस्तीत! मी दिलेली सागवानी पेटी नको, तोरण नको, सोफा पाहिजे!

सोफ्याच्या दुकानाचे सिंधी शेठ टेम्पोच्या काचा लावून आतून ओरडत होते, "अरे साईं! भाभी, ये क्या है? एकदम नवा माल आहे, अभी प्लास्टिक भी नहीं निकाला!"

"घाबरू नका हो, या माश्या अजिबात चावत नाहीत," मी त्यांना धीर दिला. तेवढ्यात एक माझ्या नाकाच्या शेंड्यालाच चावली.

म्हात्रेवहिनी दारातूनच कडाडल्या, "रविवारी पाव्हण्यांना काय सांगू? सोफ्यावर बसू नका, आधीच कुणीतरी बसलंय?"

हे चूळ भरून शांतपणे म्हणाले, "सोफा आपला झाला वाटतं."

झालाच! वहिनींनी शेठकडून दुसरा सोफा घेतला, आणि हा आमच्या गळ्यात पडला.

फोन केल्यावर दुपारी काळूदादा आला. आधी गच्चीवर गेला. तोरण बघितलं, रांगोळी बघितली, धुपाटणं हातात घेऊन वास घेतला.

"हे काय, ताई?"

"गृहप्रवेश," मी सुजलेल्या नाकातून म्हणाले.

त्याने धुपाटणं पेटीपासून लांब नेऊन ठेवलं. मग म्हणाला, "ताई, आमाला झाडावरची माशी पळवायची आसली ना, तर आमी आसाच धूर करतो."

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई आकाशाकडे बघत होत्या.

काळूदादाने पेटी खाली आणली, सोफ्याचं बूड फाडलं आणि त्या लटकलेल्या घोसातून राणीला ओंजळीने उचलून पेटीत सोडलं. सूर्य मावळेपर्यंत बाकीच्याही तिच्यामागे आत गेल्या. मग पेटी पुन्हा वर ठेवून आला.

"आता ऱ्हातील का रे?" माझा आवाज रडवेला झाला होता.

"ऱ्हातील, पन एक काम करा. गच्चीचं कुलूप कुठं हाय?"

मी भाबडेपणाने कुलूप दिलं. त्याने दार ओढून लावलं, किल्ली खिशात घातली आणि वाडीची वाट धरली!

तीन दिवस मी त्या बंद दाराला कान लावून जिन्यात बसले. एकदा स्क्रूड्रायव्हरही घेऊन गेले होते, पण ह्यांनी तो काढून घेतला. घरातले ओले कपडे नव्या सोफ्याच्या पाठीवर वाळत होते.

चौथ्या दिवशी काळूदादाने झाकण उघडलं. चौकटीला नवं, पांढरंशुभ्र पोळं लागलं होतं आणि त्याच्या घराघरांत सुईच्या टोकाएवढी अंडी! मी पुन्हा रडले, पण या वेळी आनंदाने.

"या बारीला काय केलंत, ताई?"

"काय करणार? किल्ली तुझ्याकडे!"

"म्हनून तर ऱ्हायल्या," तो म्हणाला. मी हात पुढे केला. त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि किल्ली परत खिशात टाकली.

आता दर रविवारी मी नवी साडी नेसून, चहा करून, माझ्याच गच्चीवर जायला काळूदादाची वाट बघते. परवा शिबिरवाल्यांनी नव्या मंडळींसमोर अनुभव सांगायला बोलावलं. मी एकच गोष्ट सांगून खाली बसले: पेटी कुठलीही घ्या, कुलूप मात्र भक्कम घ्या!