सविताला मध सोसेना

सविता भोये नाशिक–पेठ एसटीवर कंडक्टर. दोन वर्षांपूर्वी तिचं पोट बिघडलं, ते बिघडलंच. जेवली की पोट फुगायचं, कळ यायची आणि मग पाच मिनिटंही थांबवत नसे. एकदा भर घाटात गाडी थांबवून ती झुडपांकडे पळाली. परतली तेव्हा सगळे प्रवासी तिच्याकडे बघत होते. ड्रायव्हर वाल्मीकनं नजर दुसरीकडे वळवली, ते तिला जास्त लागलं.

सोनोग्राफी, रक्त, दुर्बीण. सगळे रिपोर्ट नॉर्मल. कुणी म्हणालं, साखरेनं पोटात आंबतं. तिनं साखर सोडली. चहा बिनसाखरेचा, सकाळी पाण्यात मध. तिचे वडील बुधा पेठजवळच्या पाड्यावर राहत, रानात झाडांवर चढून मध काढत आणि तिला स्टँडवर बाटली आणून देत. खिशात शुगर-फ्री गोळ्या. त्रास वाढला तशी ती ड्यूटीवर उपाशी राहू लागली आणि भूक मारायला त्याच गोळ्या चघळू लागली.

शेवटी आहारतज्ज्ञ मीना मॅडमनी विचारलं, "दिवसभरात तोंडात काय काय जातं?"

सवितानं गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. मॅडमनी मागचं बारीक अक्षर वाचलं.

"यात सॉर्बिटॉल आहे, साखरेऐवजी गोडीला घालतात ते. तुमच्यासारख्या नाजूक आतड्यांना ते झेपत नाही. मधातल्या फळसाखरेचंही तसंच. उलट चमचाभर साखर तुम्हाला चालली असती हो."

सवितानं पाकीट उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

गोळ्या गेल्या, मध गेला. कांदा, लसूण, गव्हाची पोळीही मॅडमच्या सांगण्यावरून काही आठवडे बंद झाली. पोट बरंचसं निवळलं. अशात एका दुपारी वडील पेठच्या स्टँडवर आले. मधमाश्यांनी डसून एक डोळा मिटलेला, हातात भरलेली बाटली.

"बाबा, मला मध चालत नाही आता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"मधानं कुणाचं पोट बिघडतं व्हय? लय चांगला हाय. चाख, माझ्यासमोर."

लोक बघत होते. वाल्मीकनं हॉर्न दिला. तिनं दोन घोट घेतले आणि गाडीत चढली.

नाशिकला पोचल्यावर तासभर तिला सरळ उभं राहता येईना. वडिलांचा फोन आला.

"बरं वाटलं का, पोरी?"

"बाबा, तू झाडावर चढू नको आता."

"तुझ्यासाठी तेवढंच तर व्हतंय माझ्याच्यानं."

पोट दाबून ती बाकावर बसली. "गोड होता मध, बाबा," ती म्हणाली.