रविवारचं कूलंट

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा उचगावात आमच्या गल्लीला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. दोनच सीट, लाल रंग आणि जमिनीपासून एवढी खाली की स्पीडब्रेकर आला की मी श्वास रोखून धरायची. आई म्हणाली, यात बसायचं म्हणजे आधी लोळण घ्यायला पाहिजे. शेजारच्या काकांनी हौसेनं पुढचं बॉनेट उघडायला लावलं, आत रिकामी डिकी बघितली आणि इंजिन मागाहून येणार आहे का, असं अगदी गंभीरपणे विचारलं. इंजिन सीटांच्या मागे आहे, हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी काचेवर तशी पाटी लावावी असं वाटायला लागलं.

चेष्टा केली नाही ती एकट्या आण्णांनी, माझ्या वडिलांनी. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी एवढंच विचारलं, पाणी कुठं बघायचं?

आण्णांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत गेली. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी खेळायला जी पोकळी लागते, तिच्यासाठी आधी वाळूचा गाभा करतात. त्याच्याभोवती लोखंड ओततात आणि मग वाळू झटकून काढतात. आण्णा ते गाभे करणाऱ्या खात्यात होते. लोखंड कुणीही ओततं, पोकळी नीट राहिली पाहिजे, असं ते पाहुण्यांनासुद्धा ऐकवायचे. त्यामुळे गाडी माझी असली तरी तिच्यातलं पाणी आपलं, असा त्यांचा हिशेब होता.

मी दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यावर रविवारी कुणाचं तोंड बघायची इच्छा उरत नाही. तरी रविवारी सकाळी सातला, गाडी पूर्ण थंड असताना, मी आण्णांना हाक मारायची. हाकेसरशी सहज आल्यासारखे ते बाहेर यायचे. खरं म्हणजे अर्धा तास आधीपासून ते बूट घालून कॉटवर बसलेले असायचे, हे मला आईनं सांगितलं. मी मागचं झाकण उचलायची. आत दुधी प्लॅस्टिकची छोटी टाकी आहे. तिच्यावर कमी-जास्तीच्या दोन रेघा आणि त्यांच्यामध्ये इंजिन थंड ठेवणारं गुलाबी कूलंट. आण्णा चष्मा कपाळावर चढवून वाकायचे आणि पातळी सांगायचे. कमी असलं की निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळून भर घालायची. मी माप घेऊन बसायची, त्यांचा अंदाजावर भरवसा, आणि त्यावरून आमचं दर वेळी वाजायचं. अख्ख्या आठवड्यात मला मनापासून आवडायचं ते एवढंच भांडण.

गेल्या उसाच्या हंगामात एका रविवारी आम्ही दोघं इचलकरंजीला आत्याकडं निघालो. निघताना आण्णांनी टाकी बघितली, पातळी बरोबर आहे म्हणाले. मी स्वतः बघितलं नाही. त्यांनी बघितल्यावर मी कधीच बघत नव्हते. हुपरीच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही रांगत होतो, आणि तापमानाचा काटा चढता चढता लाल पट्टीला टेकला. मी गाडी बाभळीखाली घेऊन बंद केली. मागचं झाकण उचललं तशी धग तोंडावर आली. आण्णांचा हात टाकीच्या टोपणाकडं गेला, तो मी मनगटाला धरून मागे ओढला. गरम असताना टोपण फिरवलं तर वाफेनं कातडी सोलून निघते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

पाऊण तास थांबलो. मग मोबाइलच्या उजेडात मी टाकी बघितली, तर तळाला नावापुरतं गुलाबी. माझं डोकं फिरलं. माझा राग तसा लहानपणापासून प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी मी फार बोलले. एवढं एकच काम तुमच्याकडं आहे आणि तेही धड होत नाही, इथवर बोलले.

 आण्णांनी वाकून टाकीवर बोट ठेवलं आणि कूलंट इथपर्यंत आहे ना, असं विचारलं. बोट रेघेवर नव्हतं, टाकीवरच्या पांढऱ्या स्टिकरच्या कडेवर होतं. 

"आण्णा, रेघ दिसते तुम्हाला?"

"दिवाळीपासनं न्हाय दिसत."

"मग सांगितलं का न्हाय?"

ते रस्त्याकडं बघत होते. म्हणजे त्यांचं तोंड तिकडं होतं.

"सांगितलं असतं तर रविवारी मला हाक मारली असतीस व्हय?"

 बाभळीखाली उभी राहून मी रडले, आणि मघाचं एकेक वाक्य गिळता आलं असतं तर गिळलं असतं. मग आईनं वाटेसाठी दिलेल्या बाटलीतलं पाणी टाकीत ओतलं. आमच्या जैनाच्या घरात पाणी गाळून, उकळूनच पितात, तेव्हा गाडीला निदान सोवळं पाणी मिळालं. काट्यावर नजर ठेवून सावकाश इचलकरंजी गाठली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं गळका पाइप बदलून ताजं कूलंट भरलं. तो म्हणाला, आत अडकलेली हवा निघून गेली की पातळी जरा उतरेल. आण्णांना दाखवलं, त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना इतकं सोपं बोलता आलं नाही. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली थेंबांनी जपायची होती.

पुढच्या रविवारी सातला मी गाडीपाशी आले. झाकण उचलल्याबरोबर मला पातळी दिसली, दोन सेकंदांचं काम. तरी मी हाक मारली. या वेळी त्यांना यायला खरंच वेळ लागला.

आले, वाकले. चष्म्याला हात लावला नाही. वरून खाली टाकीवर नखानं टिचकी मारत, कान देऊन ऐकत गेले. फौंड्रीत तयार ब्लॉक असाच ठोकून, नाद ऐकून तडा शोधतात. एका जागी ते थांबले आणि कूलंट इथवर आहे, असं ठामपणे म्हणाले.

खोटं बोलणं सोपं होतं. पण रस्त्यात काय झालं ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

"न्हाय आण्णा. दोन बोटं खाली हाय."

त्यांनी बोट काढून घेतलं. "मग मला कशाला बोलावलंस?"

"तुम्ही नसला तर मला हे करूच वाटत न्हाय," मी म्हटलं. एवढं साधं वाक्य मी त्यांना आजवर कधी बोलले नव्हते.

त्यांनी टाकीचं टोपण फिरवून काढलं. मग चाचपत नरसाळं उचललं, टाकीच्या तोंडात बसवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"मग वत की," ते म्हणाले.