वेसण घातली त्यानेच काढावी

सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा मी कणीक मळत होते. हात धुऊन पोहोचेपर्यंत तो थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. थांबून पुन्हा वाजणारा फोन चांगली बातमी आणत नाही, हे या वयात कळतं. धुळ्याहून दिनकरभाऊंचा थोरला मुलगा बोलत होता. "काकू, भाऊ गेले. पहाटे. घरीच." शेवटचा शब्द त्याने जरा सावकाश उच्चारला. तो का, हे मला ठाऊक होतं. त्याबद्दल पुढे सांगते.

याला आता सहा आठवडे झाले. मिहिर, ईशा, तुम्हाला मी तेव्हा पत्रात दोन ओळी कळवल्या होत्या, की तुमच्या आजोबांचे मित्र, गुरांचे डॉक्टर, वारले. पत्र पेटीत टाकलं आणि वाटलं, दोन ओळींत मावणारा माणूस नव्हता तो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. छापून आलं की कात्रण पाठवीन; तुमच्या बाबांकडून वाचून घ्या.

तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंत, जळगावला, आमच्या ओट्यावर. ईशाने त्यांना विचारलं होतं, की तुम्ही सगळ्या गाईबैलांना बरं करता का. लहान मुलाला कुणीही "हो" म्हटलं असतं. भाऊ थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बहुतेकांना करतो. काहींना नाही करता येत. त्यांच्यासाठी मग दुसरं काम असतं." ते दुसरं काम काय, हे तेव्हा तुला कुणी सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तुमचे बाबा पुण्याला वसतिगृहात होते आणि मी शाळेच्या सुट्टीत चाळीसगावजवळच्या आमच्या गावी गेले होते. भाऊंची नेमणूक तेव्हा त्याच तालुक्यात होती. आमच्याकडे हरण्या नावाचा बैल होता. केळीची खोडं भरलेली गाडी नाल्याच्या उतारावर कलंडली आणि त्याचा मागचा पाय मांडीतून मोडला. एवढ्या मोठ्या जनावराचं ते हाड जुळत नाही. चारशे किलोचं धूड तीन पायांवर उभं राहत नाही, आणि पडून राहिलं की कुशीला जखमा होतात, त्यांत अळ्या पडतात. गावाची रीत अशी, की अशा बैलाला निंबाच्या सावलीत ओढून न्यायचं, पुढ्यात पाणी ठेवायचं आणि तो आपोआप जाईपर्यंत वाट पाहायची. कुणाच्या हाताला पाप लागत नाही. दिवस किती जातील, ते बैलाचं नशीब.

माझे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणत असे, तीन दिवस हरण्याजवळून हलले नव्हते. हातात उपरणं घेऊन कावळे हाकलत बसायचे. कावळा आधी डोळ्यावरच येतो. वेदनेविना मरण देणाऱ्या इंजेक्शनचा विषय मी एकदा काढला, तर त्यांनी उपरणं झटकून आणखी एक कावळा उडवला. मी तेव्हा चाळिशीतली, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, वर्गात मुलींना तर्कशुद्ध विचार शिकवणारी. मला वाटलं, इथे बरोबर काय आहे ते स्पष्ट आहे आणि ते करायला कुणीतरी धीट हवं. चौथ्या दिवशी सकाळी मी आबांना सांगितलं, की पारोळ्याहून निरोप आला आहे, तुमची बहीण, आत्याबाई, फार आजारी आहेत, तुमची आठवण काढतात. असा काही निरोप आलेला नव्हता. आबा तसेच उठले आणि बसने गेले. तुमच्या आजोबांना मी भाऊंकडे पाठवलं.

भाऊ त्यांची खाकी कापडी पिशवी खांद्याला लावून आले. हरण्याच्या बाजूला उकिडवे बसले, पायावरून हात फिरवला, पापण्या उघडून पाहिल्या, पिशवीतून गुळाचा खडा काढून त्याच्या जिभेला लावला. मग सिरिंज भरता भरता मला विचारलं, "याला वेसण कोणी घातली?"

मला प्रश्न कळला नाही. आबांनीच घातली असणार, मी म्हटलं, गोऱ्हा होता तेव्हा.

"मग आबा कुठे आहेत?"

मी सगळं खरं सांगितलं. थोडं अभिमानानेच सांगितलं असावं. भाऊंनी भरलेली सिरिंज परत डबीत ठेवली. दुसरी काढली, वेदना कमी होण्याची, आणि ती दिली. म्हणाले, आबांना घेऊन या, ते आल्याशिवाय मी पुढचं करणार नाही. मला फार राग आला. पारोळ्याला जाऊन येईपर्यंत तीन तास जातील, मी म्हणाले, तुम्ही दयाळू म्हणवता आणि त्याला असं ठेवता?

"तीन तास जातील खरे," ते म्हणाले. "खोटं तुम्ही बोललात वहिनी, आणि ते तास त्याचे जाताहेत. आता बोलण्यात आणखी घालवू नका."

मला असं कुणी कधी सुनावलेलं नव्हतं. तुमचे आजोबा मोटारसायकल घेऊन गेले. मधल्या वेळात भाऊंनी माझ्याकडून आणि शेतावरच्या सालदाराकडून काम करून घेतलं. कडब्याची जाड गादी केली, चौघा माणसांना बोलावून हरण्याला दुसऱ्या कुशीवर वळवलं, जखमा धुतल्या, अंगावर ओलं गोणपाट टाकलं. दर थोड्या वेळाने ते त्याच्या छातीला नळी लावून ऐकत. माझ्याशी पुन्हा कडू शब्द बोलले नाहीत. उलट मध्येच विचारलं, शाळेत यंदा किती मुली आहेत.

आबा आले ते सरळ माझ्यासमोर उभे राहिले. "सूनबाई," ते शांतपणे म्हणाले, "मनी बहीन बरी शे. शेंगा फोडी ऱ्हायनी." बहीण बरी आहे, शेंगा फोडते आहे; एवढंच. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी हा विषय माझ्याजवळ काढला नाही, पण मला ते वाक्य अजून ऐकू येतं.

मग ते हरण्याजवळ बसले आणि भाऊंना विचारलं, "तुमले पाप लागत नही का, डाक्टर?"

भाऊ धुळ्याचे; आबांशी ते नेहमी त्यांच्याच बोलीत बोलत. "लागत बी व्हई, आबा," ते म्हणाले. "तीन दिन तुम्ही कावळा हाकली ऱ्हायनात ना? मी बी तेच करस. मना कावळा जरा मोठा शे, इतलंच."

भाऊंनी घाई केली नाही, पण लपवलंही काही नाही. आधी गुंगी येईल, मग मानेच्या शिरेत दुसरं इंजेक्शन, मग श्वास थांबेल, एखादा पाय झटकेल, तो दुखण्याचा नसेल. डोळे उघडे राहतील. सगळं आधी सांगितलं. शेवटी म्हणाले, नाही म्हणालात तर मी रोज येऊन दुखणं कमी करायचं औषध देईन, पण ते पुरेसं नाही, हेही तुम्हाला सांगतो.

आबांनी हात पुढे केला तो हरण्याच्या नाकाकडे. "येसन मीच घाली व्हती," ते म्हणाले. गाठ जुनी, घामाने दगड झालेली. त्यांच्या बोटांना ती सुटेना. भाऊंनी पिशवीतून बोथट टोकांची कात्री काढून दिली आणि नजर दुसरीकडे वळवली. दोर कापून नाकातून अलगद ओढून काढल्यावर हरण्याने मोठा श्वास सोडला, शेताबाहेर जू उतरवल्यावर सोडायचा तसा. मग भाऊंनी त्यांचं काम केलं. शेवटी डोळ्याच्या कडेला बोट लावून पाहिलं, छातीवर नळी ठेवली, घड्याळाकडे पाहत थांबून राहिले, आणि मग नळीची दोन टोकं आबांच्या कानांत बसवली. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

"बठ्ठं शांत व्हयनं," ते म्हणाले. बठ्ठं म्हणजे सगळं.

बांधावर खोल खड्डा करून घेईपर्यंत भाऊ गेले नाहीत. औषध अंगात भिनलेलं असतं. कुत्र्यांनी, गिधाडांनी ते उकरून खाल्लं तर तीही मरतात. चहा त्यांनी त्यानंतर घेतला.

पुढे पंधरा वर्षांत त्यांच्याबद्दल मी पुष्कळ ऐकलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून लोक त्यांना न्यायला येत. एका गावात एका घरी तर त्यांना पाणीही दिलं नव्हतं, "सुईवाला" म्हणून दार लावून घेतलं होतं; त्याच घरी ते पुढच्या महिन्यात अडलेल्या म्हशीसाठी गेले आणि सगळ्यांदेखत आधी पाणी मागून प्याले. पण ते काही देवमाणूस नव्हते. हट्टी होते. हरण्याच्या त्या तीन तासांबद्दल मी त्यांना बऱ्याच वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "वहिनी, आबांना चुकवून केलं असतं, तर गावात दुसऱ्या कुणी मला बोलावलं नसतं, एवढं माहीत आहे. पण हरण्याला ते सांगून काय उपयोग?" आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून त्यांनी एक वाक्य रुजवून ठेवलं. नवा पंखा घेतला, खोलीला रंग दिला, मुलाचं लग्न ठरवलं, की भाऊ मिश्कीलपणे विचारायचे, "आबांना विचारलं का?" आबा गेल्यावरही विचारायचे.

शेवटच्या आठवड्यात मी धुळ्याला गेले होते. भाऊ दवाखान्यात, आणि बाहेर व्हरांड्यात त्यांची दोन्ही मुलं डॉक्टरांशी हलक्या आवाजात बोलत होती, मुंबईला हलवायचं की नाही. दोघं जीव तोडून बोलत होती, प्रेमानेच बोलत होती. मला एकदम पारोळ्याची बस आठवली. मी म्हटलं, "आत जागे आहेत ते. त्यांना विचारलं का?"

थोरला आत गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला, म्हणाला, भाऊंना घरी जायचं आहे.

तेराव्यानंतर मी त्यांच्या पत्नीला, माईंना, भेटायला गेले. खाकी पिशवी दाराआडच्या खुंटीला होती तशीच. माईंनी ती रिकामी केलेली नव्हती. गुळाच्या पुडीला मुंग्या लागल्या होत्या आणि त्यांची ओळ भिंतीवरून खाली उतरत होती. आम्ही बोलत होतो तेवढ्यात फाटकाशी सायकल थांबली. लांबच्या गावाहून आलेला एक शेतकरी, त्याला बातमी कळलेली नव्हती. बैल विहिरीच्या काठावरून घसरला होता आणि उठत नव्हता. माईंनी त्याला आत बोलावून पाणी दिलं, भाऊ गेल्याचं सांगितलं, सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांकडे जायचा रस्ता नीट समजावला. तो बिचारा दोनदा हात जोडून निघाला. सायकलवर टांग टाकणार, तेवढ्यात माई ओट्यावर आल्या.

"दादा," त्यांनी हाक मारली, "बैलाला वेसण ज्यानं घातली, त्याला घरीच थांबायला सांगा."